गुणाजी घाडी आता गाडी चालवत नाही

कांदिवलीत चारकोपच्या आमच्या सोसायटीत गुणाजी घाडीचं दार माझ्या दाराच्या बरोब्बर समोर आहे. मधे दोन पायपुसणी मावतील एवढीच जागा. वीस वर्षं हा माणूस मी रोज बघते आहे, पण त्याच्याबद्दल लिहायला बसले तर आधी आठवते ती त्याची पाठ. कारण त्याला मी सगळ्यात जास्त पाहिलंय ते गाडीच्या मागच्या सीटवरून.

आम्ही एकाच गावचे, देवगडच्या अलीकडचे. तो जन्मानं, मी लग्नानं. त्याचे वडील लालबागला गिरणीत होते. संप झाला, गिरणी बुडाली, तिथली खोली विकून मंडळी इथे म्हाडाच्या घरात आली. पुढे आईवडील गेले. थोरला भाऊ गावीच राहिला, देवळात गावासाठी देवापुढे गाऱ्हाणं घालायचा घाडी घराण्याचा मान सांभाळत. सगळं गाव त्याला भाऊच म्हणायचं, गुणाजीसुद्धा. आणि इथे दोन खोल्यांत गुणाजी एकटा. लग्न का झालं नाही, याची गावात तीन कारणं सांगतात आणि तिन्ही थापा आहेत. मला विचाराल तर ज्या रविवारी मुलगी बघायला जायचं, त्या रविवारी हा कुणाचं तरी वऱ्हाड घेऊन गेलेला असायचा.

गावच्या आम्हा मुंबईकरांचं एक मंडळ आहे. गणपती, जत्रा, देवळाचा जीर्णोद्धार, सगळं मंडळ बघतं. पण मंडळाचा खरा उपयोग कळतो तो गावी कुणी वारलं की. आमच्याकडे मुंबईकर पोचेपर्यंत मयत ठेवतात, पण किती वेळ ठेवणार? मग मंडळाचा सेक्रेटरी निलेश गुणाजीला फोन लावायचा, आणि अर्ध्या तासात गुणाजीची पांढरी तवेरा सोसायटीच्या गेटवर उभी. बारा-तेरा तासांचा रस्ता. कुणाला कशेडी घाटात उलटी होते, कुणाच्या गुडघ्याला पाय पसरायला जागा लागते, कोण रडतं आणि कोण घोरतं, सगळं त्याला पाठ. पैसे डिझेलपुरते. या माणसानं माझ्या सासूला पोचवलं, माझ्या नवऱ्याला पोचवलं, म्हणजे आम्हाला त्यांच्यापाशी. एकदाही उशीर नाही.

आता दारूचं. तो घ्यायचा, लपवून काय करू? पण घरी, एकटा, आणि दुसऱ्या दिवशी गाडी नसली तरच. हा नियम त्यानं वर्षानुवर्षं पाळला आणि मोडला तो गेल्या वर्षीच्या गटारीला. श्रावण लागायच्या आदल्या रात्री निलेशच्या मालाडच्या घरी मंडळाच्या पुरुषांची बैठक होती. गुणाजीला बोलावणं होतं, कारण नंतर सगळ्यांना घरोघर सोडायचं होतं. जेवताना सगळे मागे लागले, ‘आज तरी घे रे, श्रावणात कोण विचारतंय!’ त्यानं घेतली. एक नाही, तीन. मग उठून सहा जणांना गाडीत घातलं आणि एकेकाला दारात उतरवलं. शेवटचा माणूस उतरला, आणि लिंक रोडवर नाकाबंदीत पोलिसांनी याला नळी फुंकायला लावली.

मी त्याची बाजू घेत नाही. सहा माणसं गाडीत असताना प्यायलेला माणूस चाकावर बसला, याला माफी नाही. पण त्या सहा जणांनाही कधी कुणी नळी फुंकायला लावली नाही, हे मला अजून खुपतं.

दंड झाला. नंतर आरटीओचं पाकीट आलं, इंग्रजीतलं. मी महापालिकेच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवलं, त्यामुळे सोसायटीतले असले कागद माझ्याकडेच येतात.

“बाई, ह्यात काय लिवलाहा ता वाचून दाखवशात?” तो दारातच उभा होता.

मी वाचलं. लायसन सहा महिने निलंबित. “म्हणजे सहा महिने गाडीला हात लावायचा नाही,” मी सांगितलं.

“आणि निलेशचो फोन इलो तर?”

“तर सांगायचं, जमणार नाही म्हणून.”

त्यानं कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाला, “बाई, गाडी सोडून माका कोण कशाक फोन करता?”

उत्तर सुचलं नाही की मी माणसांना खायला देते. मी वाटीभर साबुदाण्याची खिचडी त्याच्या हातात ठेवली आणि तो गेला. त्याच दिवशी त्यानं घरातली अर्धी बाटली मोरीत ओतली. वास जिन्यापर्यंत आला, म्हणून मला माहीत. त्यानंतर आजपर्यंत त्यानं थेंब घेतलेला नाही. हे कुणाला सांगायला गेलं तर लोक हसतात.

पंधरा दिवस बरे गेले. मग गावी म्हातारा धाकू मेस्त्री वारला. त्याचे मुलगे सांताक्रूझला. निलेशचा फोन आला. गुणाजीनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, ‘बघतो’ म्हटलं आणि गावी भाऊला फोन लावला, ‘रवळनाथाक कौल लाव.’

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे अडलं की देवाला कौल लावतात. ओल्या पाकळ्या देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि प्रश्न विचारायचा. उजवीकडची आधी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. भाऊनं विचारलं, गुणाजीनं गाडी घेऊन यावं की नको? पाकळी उजवी पडली.

गुणाजी माझ्या दारात आला तेव्हा त्याचा चेहरा फुलला होता. “देवान हो म्हटला, बाई.”

“लायसन बंद आहे हे देवाला सांगितलंस?”

त्यानं मान खाली घातली. “भाऊक सांगूक नाय. मग तो देवाक कसो सांगतलो?”

म्हणजे देवाला अर्धी हकिकत सांगून पूर्ण परवानगी आणलेली! प्रगतिपुस्तकावरचे लाल शेरे अंगठ्याखाली झाकून बापाची सही आणणारी मुलं मी शाळेत ढिगानं पाहिली. तसाच होता हा छप्पन्न वर्षांचा बाप्या. माझी रवळनाथावर श्रद्धा आहे, पण नाकाबंदीवरच्या हवालदाराला कौल दाखवता येत नाही, एवढं मला कळत होतं. तेव्हा त्याचा हात धरून त्याला घरात बसवायला हवं होतं. मी काय म्हटलं? “जपून जा.”

तो गेला, धाकूच्या मुलांना वेळेवर पोचवून परत आला. एकदा केलं ते पचलं की दुसऱ्यांदा भीती वाटत नाही. गणपतीत त्यानं दोन फेऱ्या केल्या, बायकापोरांना घेऊन. कुठेही कुणी अडवलं नाही. मलाही हळूहळू वाटायला लागलं, चालतंय की.

म्हणूनच ऑक्टोबरात मी स्वतः त्याला बोलावलं. माझी जाऊ सुगंधा, कमरेचं ऑपरेशन झालेलं, पार्ल्याच्या एका हॉस्पिटलातून घरी आणायची होती. रिक्षात बसवणं शक्य नव्हतं. टॅक्सीवाले सामान बघून नाकं मुरडतात. मी समोरचं दार वाजवलं.

“बाई, तुमका म्हायत आसा ना?” त्यानं विचारलं. नीट, माझ्याकडे बघून विचारलं.

“अरे, पार्ल्यापासून कांदिवली ती केवढी! एवढ्यात काय होतंय?”

त्यानं किल्ली घेतली.

येताना गोरेगावला सर्व्हिस रोडवर एक मोटरसायकलवाला राँग साईडनं आला, एका हातात फोन. गुणाजीची गाडी रांगत होती, कारण मागे सुगंधा कण्हत होती. तरी तो माणूस येऊन डाव्या बाजूला आदळला आणि खाली पडला. नडगीचं हाड मोडलं. लोक जमले. चूक कुणाची ते सगळ्यांनी पाहिलं होतं. एक भाजीवाला तर गुणाजीला म्हणाला, “निकल जा चाचा, तेरी गलती नहीं है.” गुणाजी निघाला नाही. त्यानं त्या माणसाचं डोकं मांडीवर घेतलं, मला ॲम्ब्युलन्सला फोन करायला सांगितलं आणि पोलीस येईपर्यंत तिथेच फतकल मारून बसला.

“लायसन?”

त्यानं झेरॉक्स दिली. हवालदारानं नंबर मशीनमध्ये घातला आणि मोठ्यानं म्हणाला, “हे तर सस्पेंड आहे. ड्रिंक अँड ड्राइव्हमध्ये!” एवढं ऐकलं मात्र, गर्दी फिरली. आत्तापर्यंत त्याच्या बाजूनं बोलणारे नाकं पुढे करून त्याचा वास घ्यायला लागले. भाजीवालाही आपल्या हातगाडीकडे वळला. त्या दिवशी गुणाजीच्या पोटात हॉस्पिटलच्या दारातल्या चहाशिवाय काही नव्हतं.

चौकीवर सुगंधाला बाकावर टेकवून बसवलं. तोवर निलेश येऊन पोचला होता. साहेबांनी मला विचारलं, “मॅडम, याचं लायसन निलंबित आहे, हे तुम्हाला माहीत होतं का?”

शाळेत खोटं बोलणाऱ्या मुलाला मी भिंतीकडे तोंड करून उभं करायची. मी म्हटलं, “नाही.”

साहेब गुणाजीकडे वळले. “काय रे, मॅडमना सांगितलं नव्हतंस?”

“नाय साहेब,” तो म्हणाला. “बाईंका काय एक म्हायत नव्हता.” माझ्याकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही.

मला लाज वाटली. आणि सुटल्यासारखंही वाटलं. ही दोन्ही एकदम वाटू शकतात हे मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी कळलं.

बाहेर आल्यावर निलेश पायऱ्यांवरच तडकला. “काकी, फसवलं ओ त्यानं आपल्याला! गणपतीत लहान पोरं होती गाडीत. लायसन नाही, दारूचं मॅटर, आणि हा बोलतच नाय काय! पार वाट लावली मंडळाची.” तेव्हा मी म्हणायला हवं होतं, की दारू तुझ्याच घरची होती, निलेश. म्हणायला हवं होतं, की मला कागद वाचल्यापासून ठाऊक आहे आणि आजची गाडी मीच मागवली. मी फक्त मान हलवली. त्या मानेचा अर्थ मंडळभर पोचला, विमलाबाईंनाही अंधारात ठेवलं म्हणे. माझ्यासारख्या मास्तरणीला फसवणारा माणूस, मग काय उरलं?

निलेशनं त्याला मंडळाच्या ग्रुपमधून काढलं. विमावाल्यांनी हात वर केले. मोटरसायकलवाल्याच्या उपचारासाठी तवेरा विकावी लागली. कोर्टात त्यानं गुन्हा कबूल केला आणि त्याला दंडासोबत कोर्ट उठेपर्यंत बसून राहायची शिक्षा झाली. सकाळी अकरापासून संध्याकाळी पाचपर्यंत तो त्या खोलीत मागच्या बाकावर बसला. जेवायलाही उठायचं नाही. त्याच्याबरोबर कुणी नव्हतं. मी गेले नाही. साक्षीला उभं करतील अशी भीती वाटली. लायसन कायमचं गेलं.

आता तो महावीरनगरच्या एका टॉवरमध्ये वॉचमन आहे. गाड्या रिव्हर्स घेणाऱ्यांना शिट्टी वाजवून, हात हलवून मागे बोलावतो. परवा बोरिवलीहून येताना रिक्षातून पाहिलं, तर गाडी केव्हाच लागून मालक वर गेला होता आणि हा बंद गाडीच्या काचेतून आतल्या स्टेअरिंगकडे बघत होता. मी रिक्षा थांबवली नाही.

एकदा संध्याकाळी दारात आला. “बाई, एक मिस्ड कॉल देवा. फोन बिघडलोसो वाटता.” मी दिला. फोन खणखणीत वाजला. “वाजता म्हणजे,” तो म्हणाला आणि आत गेला. असं तीनदा झालं. चौथ्यांदा आला नाही. मीही हाक मारली नाही. खोटं बोललेल्या माणसाला समोरचं दार फार जवळ वाटतं. मी बाहेर पडण्याआधी पीपहोलमधून बघून घ्यायला लागले.

फेब्रुवारीत मी बोरिवलीला माझ्या मुलीकडे, श्वेताकडे होते. दुपारी ग्रुपवर मेसेज आला. गावी भाऊ घाडी वारले, देवळातून घरी आले, पाणी मागितलं आणि बसल्या जागी गेले. मंडळाची गाडी चार वाजता निघेल. आता मंडळ भाड्याची मोठी गाडी करतं, तिचा ड्रायव्हर चंद्रप्रकाश नावाचा नवीन माणूस आहे. तो वस्तीत गाडी घालत नाही, सगळ्यांनी हायवेवर यायचं असतं. मी नॅशनल पार्कच्या गेटपाशी चढले. कांदिवलीला पाच जण चढले, पुढे गोरेगाव, अंधेरी, सांताक्रूझ. निलेशनं यादी वाचली, सगळ्यांनी हजेरी दिली. गाडीत सगळे भाऊबद्दल बोलत होते. काय आवाज होता गाऱ्हाण्याचा, देवळाबाहेर रस्त्यापर्यंत ऐकू यायचा! मीसुद्धा दोन आठवणी सांगितल्या. मग पाठदुखीची गोळी घेऊन डोळे मिटले.

माणगावला गाडी चहाला थांबली. चंद्रप्रकाश कप घेऊन आमच्या घोळक्यापाशी आला. “मयताच्या घरचं कोण आहे गाडीत? घरापर्यंत गाडी जाते का, तेवढं विचारायचं होतं.”

आम्ही चौदा जण होतो. एकमेकांकडे बघायला लागलो. मयताच्या घरचं गाडीत कुणीच नव्हतं.

“गुणाजीकाका...” निलेशनं खिशातून यादी काढली आणि परत ठेवली. “मला वाटलं, सख्खा भाऊ, त्याला सगळ्यांच्या आधी कळलं असणार, तो निघाला असेल आपला आपला. ग्रुपवर पण नाय ना तो.” कुणी म्हणालं, आम्हालाही तसंच वाटलं. मला तेवढंही वाटलं नव्हतं. समोरासमोर दार असून मला त्याची आठवणच झाली नव्हती.

मी बाजूला जाऊन फोन लावला.

“कुठे आहेस?”

“गेटार आसय, बाई. पिशवी घेवन. गाडी येतली म्हणान.”

तीन वाजल्यापासून तो सोसायटीच्या गेटवर उभा होता. आता आठ वाजून गेले होते.

“अरे, मग फोन का नाही केलास कुणाला?”

“ज्याच्या घरी मयत, त्याणी गाडी सांगूची नसता बाई,” तो म्हणाला. “गाडी आपसून येता.” मग त्यानं विचारलं, “खय पोचलास?”

मी सांगितलं. निलेशनं माझ्या हातातून फोन घेतला, सॉरी म्हणाला, गाडी मागे फिरवतो म्हणाला. पलीकडून ठाम नकार आला असावा, कारण निलेश नुसता ‘बरं काका, बरं’ म्हणत राहिला. मग त्यानं फोन चंद्रप्रकाशकडे दिला. “तुमच्याशी बोलायचंय त्यांना.”

चंद्रप्रकाशनं फोन स्पीकरवर टाकला, चहा पीत ऐकायला बरं म्हणून. गुणाजी त्याला रस्ता सांगत होता. माझ्याशी बोलतो त्या मालवणीत नव्हे, ड्रायव्हर ड्रायव्हरशी बोलतो तसा सरळ, सावकाश, हिंदीत. नांदगावला हायवे सोडायचा. देवळापाशी डावीकडे वळायचं, उजवीकडचा रस्ता रुंद दिसतो पण पुढे बंद आहे. मग ओहोळावरचा पूल, तिथे गाडी खालून घासते, दोन-चार माणसं उतरवून हळू काढायची. फणसाच्या झाडाखाली वळवायला जागा आहे. पुढे चिऱ्याचं घर, तेच. अंगणात लावू नका, अंगणात भाऊला ठेवलं असेल.

“हाँ काका,” चंद्रप्रकाश म्हणाला.

“सकाळी माझ्यासाठी थांबू नका म्हणून सांग त्यांना,” आता तो मराठीत बोलत होता. “उन्हं वर येतात. मी बस बघतो. आणि तू दुपारी झोपला होतास ना?”

चंद्रप्रकाश हसला. “थोडा सोया, काका.”

“मग चहा अजून एक घे.”

फोन माझ्याकडे परत आला तेव्हा कट झालेला होता. मी पुन्हा लावू शकले असते. त्याला सांगू शकले असते की गुणाजी, तेव्हा चौकीवर मी खोटं बोलले, आणि निलेश इथे बाजूलाच उभा आहे, त्यालाही आत्ता सांगते. निदान माणगावला उतरून, मागून येणाऱ्या त्याच्या बसची वाट बघत एका बाकावर बसू शकले असते. मी एवढं सगळं मनात केलं आणि गाडीत जाऊन खिडकीपाशी बसले. मला स्वतःची किळस आली, आणि तरी मी सीटवरून उठले नाही.

पुलापाशी चौघे उतरले, गाडी हळू काढली, फणसाखाली वळवली. अंगणात भाऊला ठेवलं होतं. सकाळी साडेआठला त्याच्या मुलानं अग्नी दिला आणि आम्ही सगळे मुंबईकर हजर होतो, कुणालाही उशीर झाला नाही. गुणाजी दुपारी पाऊणला पोचला, हायवेपासून चालत.